दुखण्याचे तीस हजार : घाटंजी तालुक्यातल्या एका अपघात-दाव्याचा अभ्यास

दुखापतीच्या दाव्यात वेदनेपोटी जास्तीत जास्त किती मागता येतं? पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्याला अशी कमाल मर्यादा नाही. कलम १६८ असे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला ‘न्याय्य वाटेल’ ती भरपाई द्यायला सांगतं. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणचे निवाडे वाचायला घेतले की ‘वेदना व यातना’ या रकान्यात पंचवीस, तीस, फार तर पन्नास हजार असे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. मर्यादा कायद्यात नाही, तर मग येते कुठून, हे खालच्या प्रकरणावरून पाहू.

आधीच सांगतो, हा एखाद्या विशिष्ट कुटुंबाचा खटला नाही. यवतमाळकडच्या दाव्यांमध्ये नेहमी दिसणारे तपशील जुळवून हे प्रकरण उभं केलं आहे आणि त्यातल्या रकमा हिशेब कळावा म्हणून धरल्या आहेत. कलमं आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मात्र खरे आहेत.

घटना

डिसेंबर २०१५. कापसाची वेचणी जोरात होती. घाटंजी तालुक्यातली अडतीस वर्षांची एक शेतमजूर बाई दिवस मावळताना वावरातून घरी निघाली होती. रस्त्याच्या कडेनं पायी चालली होती, सोबत दोघी जावा. मागून आलेल्या कारनं तिला उडवलं. जावा बचावल्या. तिच्या उजव्या मांडीचं हाड आणि कमरेचं हाड मोडलं. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला, असा या भागातल्या प्रत्येक मोठ्या जखमेचा जो प्रवास असतो तोच तिचाही झाला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. मांडीत रॉड बसला, मध्ये जखम चिघळली, अकरा आठवडे ती पाठीवर पडून होती. उपचार राजीव गांधी जीवनदायी योजनेतून झाले; हीच योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. घरच्यांच्या हातात मेडिकलच्या दुकानाची जेमतेम एकोणीस हजारांची बिलं उरली.

या एकोणीस हजारांकडे लक्ष असू द्या.

पहिला निर्णय : कोणतं कलम

अर्ज २०१६ मध्ये दाखल झाला. त्या वेळी कलम १६३-अ अस्तित्वात होतं आणि नवऱ्याचा ओढा तिकडेच होता, कारण त्यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. गावातल्या कुणीतरी ‘तीन तारखांत पैसे’ असंही सांगितलेलं. पण या कलमासोबत कायद्याची दुसरी अनुसूची यायची आणि वेदनेवरची खरीखुरी, छापील मर्यादा तिथे होती: गंभीर दुखापतीला ५,००० रुपये, किरकोळ असेल तर १,०००. वैद्यकीय खर्च बिलं दाखवून जास्तीत जास्त १५,०००. शिवाय वर्षाचं उत्पन्न ४०,००० च्या आत असेल त्यालाच या कलमाचा दरवाजा उघडा.

हे आकडे १९९४ च्या दुरुस्तीनं आले. सरकारला ते बदलण्याचा अधिकार होता, तरी २०१८ पर्यंत ते जागचे हलले नाहीत. १९९४ चे पाच हजार आणि २०१५ चे पाच हजार यांत काय फरक आहे, हे कापूस विकणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. २०१८ च्या मे महिन्यात अनुसूची बदलली, २०१९ च्या दुरुस्तीनं १६३-अ गेलं, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्या जागी नवं कलम १६४ लागू झालं: चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. त्यात वेदनेचा रकानाच नाही. हाड एक मोडलं काय नि चार मोडली काय, रक्कम तीच.

वकील होत्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या एक तरुण बाई. त्यांनी नवऱ्याला समजावलं आणि १६६ खाली अर्ज केला. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, चालकावरचं दोषारोपपत्र हे सगळं हाती होतं आणि कारचा विमाही चालू होता. निष्काळजीपणा सिद्ध करणं अवघड नव्हतं. ‘अंधारात रस्त्यानं चालत होती’ हा विमा कंपनीचा बचाव जावांच्या साक्षीपुढे टिकला नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तीच बाई, वेगळी जागा

थोडं विषयांतर करतो, कारण त्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही. समजा हीच बाई जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात रोजंदारीवर असती आणि तिथल्या यंत्रात तिचा हाच पाय गेला असता. मग दावा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली झाला असता. तिथे मजुरी, वय आणि कमाईची क्षमता किती गेली याचं सूत्र होतं. वेदनेला तिथे जागाच नव्हती, पाच हजारांचीसुद्धा नाही. आणि वावरात रानडुकरानं तिला पाडलं असतं तर वनविभागाच्या शासन निर्णयातली ठरलेली रक्कम मिळाली असती. तिथेही दुखणं हा वेगळा हिशेब नाही.

म्हणजे एकच बाई, एकच पाय, आणि वेदनेची किंमत अपघात कुठे झाला यावर ठरते. कारखान्यात शून्य, वावरात शून्य, डांबरी रस्त्यावर ‘न्याय्य वाटेल ती’. मला यात तर्क दिसत नाही, फक्त इतिहास दिसतो. कामगाराला भांडण न करता लवकर पैसे मिळावेत म्हणून सूत्र आलं आणि त्या सौद्यात वेदना सोडून द्यावी लागली.

‘बरी हाये जी’

प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग साक्षीचा आहे. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे बाईची स्वतःची साक्ष लेखी, वकीलबाईंनी नीट लिहिलं होतं. ते लिहिताना झालेलं बोलणं साधारण असं:

“काकू, दुखतं का अजून?”

“दुखते तं दुखते म्याडम. सांगाचं कोणाले?”

“मला सांगा ना. कधी दुखतं?”

“रातच्यानं. कूस नाही बदलता येत. आन् उकिडवं बसता येत नाही जी, संडासले लय पंचाईत होते.”

हे सगळं प्रतिज्ञापत्रात गेलं. मग उलटतपासणीचा दिवस आला. विमा कंपनीच्या वकिलांनी फार गोड आवाजात पहिलाच प्रश्न विचारला: “आता तब्येत कशी आहे बाई?” आणि तिनं, कुणीही चार माणसांत देतं तसं उत्तर दिलं: “बरी हाये जी.” कागदावर उतरलं: ‘हे खरे आहे की, माझी प्रकृती आता बरी आहे.’

कोर्टातला लेखनिक शिष्टाचार लिहीत नाही, कबुली लिहितो. खेड्यातल्या साक्षीदाराला उलटतपासणीआधी खोटं शिकवायचं नसतं. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रश्नापुरतं द्यायचं असतं आणि परक्यापुढे ‘बरं आहे’ म्हणायची सवय त्या दिवसापुरती घरी ठेवायची असते, एवढं सांगावंच लागतं. वकीलबाईंनी फेरतपासणीत ‘बरी म्हणजे काय’ हे विचारून घेतलं, म्हणून थोडं सावरलं: “म्हंजे जित्ती हाये.” तेही नोंदलं गेलं.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती माझ्या मते या प्रकरणातली खरी वकिली. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड एका पानाचं असतं. त्यात शस्त्रक्रियेचं नाव आणि गोळ्या, बस्. वेदना त्यात कुठेच नसते. वकीलबाईंनी साक्षीदाराचं समन्स काढून रुग्णालयातले आंतररुग्ण विभागाचे केसपेपर मागवले, नर्सच्या नोंदींसकट. त्या पानांवर तारीखवार होतं: रात्री दोन वाजता ‘रुग्ण वेदनेची तक्रार करते’, इंजेक्शन ट्रामाडॉल, पहाटे पुन्हा डायक्लोफेनॅक, ड्रेसिंगच्या वेळी ओरडली, ताप, झोप नाही. आठवडेच्या आठवडे. ड्यूटी संपवायच्या घाईत लिहिलेल्या त्या नोंदींइतका निष्पक्ष पुरावा दुसरा कुठला मिळणार? लिहिणारीला दाव्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मधल्या काळात लोकअदालतीत विमा कंपनीनं ठोक सव्वातीन लाख देऊ केले. कुटुंब वाकत आलं होतं. ठोक रकमेत कोणत्या रकान्याचे किती हे कुणी विचारत नाही, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील चालत नाही. वकीलबाईंनी दोन्ही गोष्टी सांगून निर्णय त्यांच्यावर सोडला. नवरा ‘घेऊन टाकू’ म्हणत होता. बाई म्हणाली, थांबू.

निवाडा आणि त्यातले दोन रकाने

२०१९ मध्ये न्यायाधिकरणानं निवाडा दिला. महिन्याचं उत्पन्न ६,००० धरलं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात पायाचं कायम अपंगत्व ४५ टक्के होतं, कमाईच्या क्षमतेतली घट ४० टक्के मानली. वय अडतीस, म्हणून गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्यानं गुणायचं तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा) १५. बहात्तर हजारांना पंधरानं गुणून त्याचे ४० टक्के, म्हणजे ४,३२,०००. आठ महिन्यांची बुडालेली मजुरी ४८,०००. औषधं १९,०००. सोबतीचा माणूस, प्रवास, पौष्टिक आहार मिळून २१,०००. वेदना व यातना ३०,०००. जीवनातल्या सुखांना मुकल्याबद्दल १०,०००. एकूण ५,६०,००० आणि अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज.

उत्पन्नाचा भाग दोन पानं भरून, एकेक पायरी दाखवत आला. वेदनेसाठी एक वाक्य होतं: ‘दुखापतीचे स्वरूप पाहता’ तीस हजार. नर्सच्या नोंदींचा उल्लेखही नव्हता.

इथे राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निवाडा आठवायला हवा. दुखापतीच्या भरपाईचे रकाने त्यात नीट मांडले आहेत. एकीकडे पैशांचं नुकसान: उपचार, बुडालेली आणि पुढे बुडणारी कमाई, पुढचा वैद्यकीय खर्च. दुसरीकडे पैशात न मोजता येणारं: वेदना व यातना, जीवनातल्या सुखांना मुकणं, आयुर्मान घटणं. साध्या दुखापतीत यातला मोजका भागच द्यायचा. सुखांना मुकण्याचा आणि पुढच्या कमाईचा रकाना गंभीर प्रकरणात, नेमका वैद्यकीय पुरावा असेल तरच उघडायचा. वेदनेसाठी ठोक रक्कम, पण ती वय, इजेचं स्वरूप आणि पुढच्या आयुष्यावरचा परिणाम पाहून.

वेदना आणि सुखांना मुकणं यांची खालच्या कोर्टात नेहमी सरमिसळ होते. वेदना म्हणजे ते अकरा आठवडे, त्या रात्रीची इंजेक्शनं, आजही कूस बदलताना येणारी कळ. मुकणं वेगळं. ते दुखणं थांबलं तरी थांबत नाही: चुलीपुढे बसता न येणं, पंगतीत मांडी घालता न येणं, भुलाबाईच्या फेरात उभं न राहता येणं, एसटीची पायरी चढायला कुणाचा तरी हात लागणं. या दुसऱ्या रकान्यात दहा हजार म्हणजे तो फक्त मोकळा राहू नये म्हणून भरलेला आकडा.

तीस हजार का आले असावेत? माझा अंदाज असा. बिलं एकोणीस हजारांची. कुणी म्हणत नाही, पण वेदनेचा आकडा नकळत औषधांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला जातो. खासगी दवाखान्यात चार लाख भरलेल्या माणसाला वेदनेचे लाख दिले तर ते प्रमाणात दिसतात. एकोणीस हजारांशेजारी लाख विचित्र दिसतात. म्हणजे सरकारी योजनेत फुकट उपचार झाले, म्हणून दुखणं स्वस्त. गरीब माणसावर ही मर्यादा दोनदा बसते. कमाई कमी म्हणून पहिला रकाना लहान, आणि बिलं लहान म्हणून वेदनेचाही लहान. पहिल्याला निदान गणिताचा आधार आहे. दुसऱ्याला कशाचाच नाही. मांडीचं हाड मोडल्यावर वकिलाला जेवढं दुखतं तेवढंच निंदणाऱ्या बाईला दुखतं.

अपील

कलम १७३ प्रमाणे नव्वद दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अपील दाखल झालं. सुनावणीला यायला वर्षं लागली. त्या काळात कायदा थोडा पुढे सरकला आणि विलंबाचा एकदाच काय तो फायदा झाला. २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कायम अपंगत्वाच्या दाव्यातही भावी उत्पन्नवाढ धरायची. त्याच वर्षी काजल प्रकरणात, अपघातानंतर पूर्णपणे परावलंबी झालेल्या मुलीला वेदना, यातना आणि सुखांना मुकणं यांपोटी १५ लाख मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये के. एस. मुरलीधर प्रकरणात न्यायालयानं वेदना आणि यातना म्हणजे काय याचाच सविस्तर विचार केला आणि त्या एका रकान्यात १५ लाख दिले. त्याआधी १९९५ च्या हट्टंगडी प्रकरणात, कमरेखाली लुळ्या पडलेल्या वकिलाला वेदनेचे दीड लाख आणि सुखांचे दीड लाख असे वेगवेगळे मिळाले होते.

हे आकडे आपल्या प्रकरणावर तसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. ती माणसं आयुष्यभरासाठी दुसऱ्याच्या आधारावर आली होती. ही बाई काठी घेऊन का होईना चालते. वकिलांनी पंधरा लाखांची मागणी केली असती तर अपिलाचं हसं झालं असतं. त्यांनी वेगळं मांडलं: सर्वोच्च न्यायालय या रकान्याकडे गांभीर्यानं पाहतं आणि कारणं देतं; इथे कारण एक वाक्याचं आहे आणि दाखल पुरावा वाचलेला नाही.

विमा कंपनीचे तीन मुद्दे होते. एक, प्रणय सेठी प्रकरणात (२०१७) घटनापीठानं ठरवलेल्या रूढ रकमा १५,०००, ४०,००० आणि १५,००० आहेत, मग जखमीला त्याहून किती जास्त? हा मुद्दा ऐकायला सरळ वाटतो, पण गैरलागू आहे. त्या रकमा मृत्यूच्या दाव्यातल्या आहेत: मालमत्तेची हानी, जोडीदाराला मुकणं, अंत्यविधी. जखमीच्या वेदनेला त्या निवाड्यानं हात लावलेला नाही. शिवाय त्या रकमाही दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात. १९९४ च्या अनुसूचीसारख्या गोठलेल्या नाहीत.

दोन, अर्जात वेदनेपोटी ५०,००० च मागितले होते, त्याहून जास्त देता येणार नाही. याला नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग (२००२) हे सरळ उत्तर आहे: पुराव्यातून दिसत असेल तर मागणीपेक्षा जास्त भरपाई देता येते, कारण कायद्याचा शब्द ‘न्याय्य’ हा आहे. तीन, ‘प्रकृती बरी आहे’ ही कबुली. त्या कबुलीसमोर फेरतपासणीतलं वाक्य आणि केसपेपर ठेवले गेले.

खंडपीठानं भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के धरून पुढच्या कमाईची रक्कम ६,०४,८०० केली, वेदना १,५०,०००, सुखांना मुकणं ७५,०००. बाकीचे रकाने तसेच. एकूण ९,१७,८००. वाढलेल्या ३,५७,८०० पैकी १,८५,००० या दोन रकान्यांतून आले. नर्सच्या नोंदींवर निवाड्यात दीड परिच्छेद आहे.

तरी एक गोष्ट बोचतेच. दीडच लाख का? एक लाख वीस का नाही, दोन का नाहीत? याचं उत्तर याही निवाड्यात नाही. मोठ्या माणसांच्या वेदनेसाठी आपल्याकडे मोजपट्टी नाही. लहान मुलांसाठी मल्लिकार्जुन प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयानं अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे एक लाखापासून सहा लाखांपर्यंत पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यामुळे लहान मुलाचं प्रकरण जिल्ह्यात चाललं तरी एका किमान आकड्याखाली सहसा जात नाही.

बाहेरच्या देशांतला वाद उलट्या टोकाचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७५ मध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत वेदनेसारख्या नुकसानीवर अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि ती २०२२ अखेरपर्यंत महागाईप्रमाणे वाढवलीच नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये एक लाख डॉलरची कमाल रक्कम ठरवली, पण ती महागाईसोबत वाढते. ज्युरी भरमसाट देतील ही तिथली भीती. आपल्याकडे ज्युरी नाही आणि भरमसाटही कुणी देत नाही. म्हणून ‘आपल्याकडेही वरची मर्यादा आणा, दाव्यांत शिस्त येईल’ हे अधूनमधून ऐकू येणारं मत मला घाटंजीच्या फाइलसमोर टिकणारं वाटत नाही. हवी असेल तर खालची मर्यादा हवी, तीही महागाईशी जोडलेली. नाहीतर वीस वर्षांनी पुन्हा पाच हजारांसारखी गत. आणि खालची मर्यादा आली की तिलाच कोर्ट नेहमीची रक्कम समजतील, हा धोका आहेच. प्रणय सेठीच्या रकमांचं मृत्यूच्या दाव्यांत तेच झालंय.

विमा कंपनीनं रक्कम व्याजासह जमा केली. आदेशाप्रमाणे निम्मी राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेली, उरलेली खात्यावर आली. त्यातून आधी संडासात कमोड बसवला आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावला. हा खर्च अर्जात कुठेच मागितलेला नव्हता. घरात करावे लागणारे बदल आणि रॉड काढण्याची पुढची शस्त्रक्रिया यांचा अंदाज डॉक्टरांच्या साक्षीतच विचारून घेतला असता, तर त्यांच्यासाठी वेगळी रक्कम मागता आली असती.